सोळा नंबरच्या लेण्यावरून मागे फिरणाऱ्या सहलप्रमुखांस

आदरणीय मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि सहलीसोबत जाणारे सर्व सर व बाई यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की शिक्षकखोलीत सहलीचा विषय निघतो. कुणीतरी कोरा कागद पुढे ओढून ठिकाणं लिहायला लागतं. शिर्डी, शनिशिंगणापूर, देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, मकबरा, पाणचक्की. मग कोपऱ्यातून आवाज येतो, ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर अजिंठाही उरकून घेऊ.’ हा ‘उरकून’ शब्द मी स्वतः किती वेळा वापरला असेन, त्याचा हिशेब नाही. कृष्णाकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. सहलीबरोबर वेरूळला ११ वेळा गेले. त्यातल्या पहिल्या ९ वेळा मुलांना सोळा नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, दाखवला आणि तिथूनच मागे फिरले.

त्यातल्याच एका सहलीत आठवीतली एक मुलगी कैलासाबाहेर उभी होती. उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “बाई, हा रस्ता पुढं कुठं जातो?”

“पुढच्या लेण्यांकडे.”

“ती नाही बघायची?”

“अगं, सगळी सारखीच असतात. चल, गाडी भरायची आहे.”

त्या रस्त्यानं मी तोवर एकदाही गेले नव्हते. माझं उत्तर खोटं होतं हे समजायला मला पुढे ६ वर्षं लागली. ती मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

वेरूळला नंबर घातलेली ३४ लेणी आहेत. दक्षिणेकडून मोजत आलात तर १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. पश्चिमेकडे तोंड करून बसलेला काळ्या पाषाणाचा कडा, त्याच्या पोटात साधारण दोन किलोमीटर ही रांग पसरलेली आहे. फाटकातून आत शिरलं की समोर कैलास येतो, आणि आपली फसगत होते ती इथेच. कैलास रांगेच्या मधोमध असूनही सुरुवातीला भेटतो. भेटतो तोही एवढा दांडगा की त्याच्यानंतर काही असेल असं मनातच येत नाही. मुलं दोन-दोनच्या ओळीत आत जातात. हत्तीजवळ गटाचा फोटो निघतो, देवळाला एक फेरी होते, कुणाची तरी पाण्याची बाटली हरवते. पाऊण तासात पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजते आणि ओळ उलट्या दिशेनं चालू लागते.

गावी परतल्यावर आपण निबंध लिहायला देतो. ‘वेरूळची लेणी म्हणजे बौद्ध, हिंदू आणि जैन या तीन धर्मांचा संगम’ हे वाक्य साठातल्या पन्नास वह्यांत असतं. पुस्तकात असतं, फळ्यावर असतं, म्हणून वहीत येतं. मुलांनी पाहिलेलं असतं त्यातलं एक लेणं. मी त्या वाक्याला वर्षानुवर्षं बरोबरची खूण करत आले.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं समजू नका. सव्वाशे मुलं, तीन गाड्या, सहा शिक्षक, त्यातल्या एकाला गाडी लागते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्यानं सुरू होतो. पालकांचे फोन दर अर्ध्या तासानं. कुठे एखाद्या सहलीला अपघात झाला की पुढची दोन वर्षं परवानगीच्या कागदांचा ढीग वाढतो. अशात एखादं मूल मागे राहिलं तर जबाबदारी सहलप्रमुखाची, आणि कैलासाच्या पुढे गेलो नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही. हे सगळं मान्य करूनच लिहिते आहे.

पण कैलासाच्या आवारात उभे राहून आपण मुलांना काय सांगतो, तेही एकदा आठवून बघा. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एक नवीनच पुराण फिरतं आहे. एवढं काम माणसाच्या हातून होणंच शक्य नाही, ते म्हणे परग्रहावरून आलेल्यांनी केलं. निवृत्तीनंतर एकदा गेले होते, तेव्हा एका शाळेचे शिक्षक ध्वजस्तंभापाशी उभे राहून हेच मुलांना सांगत होते, आणि मुलं तोंड उघडी ठेवून ऐकत होती. मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या वर्गात बोलायची सवय नाही. पण ते ऐकून जीव जळला. ज्या पाथरवटांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आली नाहीत, त्यांच्या हातचं कामही आपण दुसऱ्याच्या नावावर करून टाकायचं?

त्या शिक्षकांची चूक एवढीच की तेही सोळा नंबरवरून परत फिरणारे होते. कैलास पुरा झालेला आहे, म्हणून तो अशक्य वाटतो. माझ्या वर्गात एखाद्या मुलाचं पूर्ण रंगवलेलं चित्र बघून बाकीची मुलं म्हणायची, “बाई, हे यानं काढलेलंच नाही.” त्याची कच्ची रेखाटनं दाखवली की गप्प बसायची. वेरूळची कच्ची रेखाटनं पुढे आहेत, तीस नंबरपासून.

तीस नंबरला लोक छोटा कैलास म्हणतात. सोळा नंबर डोळ्यांपुढे ठेवून केलेलं हे जैन मंदिर, तसंच डोंगरातून सुटं काढलेलं, पण लहान, आणि अर्ध्यात राहिलेलं. त्याच्याशेजारचं एकतीसही अपुरंच. इथे मुलांना भिंतीजवळ न्या आणि टाकीचे घाव दाखवा. खडबडीत दगडात ओळीनं उमटलेले चरे आहेत, हाताच्या फेकीबरोबर तिरके गेलेले. जिथे काम थांबलं तिथे पुढचा घाव कुठे पडला असता, हेसुद्धा दहावीतलं पोर सांगू शकतं. मग बत्तीस नंबरला, इंद्रसभेत, या. तिचा वरचा मजला नक्षीनं भरलेला आणि खालचा मजला बराचसा तसाच राहिलेला. घर बांधताना आपण पाया आधी घालतो. इथे वरचं आधी पुरं झालं आणि खालचं राहिलं, याचा अर्थ काय? मी हा प्रश्न नववीच्या मुलांना विचारला होता. एक गवंड्याचा मुलगा म्हणाला, “बाई, हे वरनं खाली आलेत.” कैलासासमोर उभं राहून जे मला समजावून सांगावं लागायचं, ते त्यानं नुसतं बघून सांगितलं.

एकदा हे दिसलं की मग कैलासाबद्दल बोलायला मजा येते. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, सुमारे इ.स. ७५६ ते ७७३, त्याच्या काळातलं हे मुख्य देऊळ. आवारातलं काम त्याच्यानंतरही चालू राहिलं असं अभ्यासक मानतात. देवळाचा घाट कर्नाटकातल्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी नातं सांगणारा. ते देऊळ चालुक्यांचं, आणि चालुक्यांना हरवूनच राष्ट्रकूट वर आले. इतिहासाच्या सरांनी इथे थोडा वेळ घ्यावा, हरकत नाही. कड्यात आधी तीन बाजूंनी खोल चर मारले, मधे उरलेल्या प्रचंड खडकातून शिखरापासून जोत्यापर्यंत उतरत देऊळ मोकळं केलं. परांच्या बांधाव्या लागल्या नाहीत, कारण पायाखाली न तोडलेला दगड होताच. पण एक मोठी जोखीम होती. चित्रात चुकलं तर खोडरबर आहे, मातीत चुकलं तर आणखी माती आहे. इथे नाक जरा जास्त उडालं तर ते पुन्हा लावता येत नाही, आणि छपराचं माप चुकलं तर खालच्या सगळ्याचं माप चुकतं. बडोद्याला सापडलेल्या इ.स. ८१२च्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की विमानातून जाणारे देवही ते पाहून थक्क झाले, आणि ज्यानं ते घडवलं त्यालाच नंतर नवल वाटलं की हे आपल्या हातून झालं तरी कसं. परग्रहवासीयांना असं नवल वाटलं नसतं.

मला स्वतःला तीस-बत्तीसचं दर्शन कसं झालं, तेही सांगते, कारण त्यात माझी काही हुशारी नाही. पुण्याचा भाचा आणि त्याची बायको गाडीनं निघाले होते, मला म्हणाले, “मावशी, तू दरवर्षी जातेस, तूच दाखव.” कैलास मी पाठ म्हटल्यासारखा दाखवला. बाहेर आल्यावर भाचेसुनेनं विचारलं, “आता पुढे?” त्या आठवीतल्या मुलीनं विचारलं होतं तसंच. या वेळी गाडी भरायची नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

बत्तीस नंबरच्या वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा पश्चिमेचं ऊन आत येत होतं. कडा पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे दुपारनंतर लेण्यांत उजेड शिरतो, हे चित्रकलेच्या शिक्षिकेला ९ सहलींत समजू नये! आम्ही नेहमी सकाळी देवगिरी चढून, दमूनभागून बारा वाजता पोचायचो. उन्हाच्या त्या पट्ट्यात छताचं कमळ दिसलं. खांब दिसले, घासून-पुसून ठेवलेल्या पितळेच्या समयांसारखे. एका बाजूला हत्तीवर बसलेला स्थूल यक्ष, दुसऱ्या बाजूला सिंहावर बसलेली अंबिका ही जैनांची यक्षी, मांडीवर मूल आणि डोक्यावर आंब्याचं झाड. या हत्तीवरच्या यक्षाला जुन्या काळी बघणाऱ्यांनी इंद्र समजलं आणि लेण्याला इंद्रसभा म्हणून टाकलं. तो इंद्र नाही, ही सभाही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खाली अंगणात एका अखंड दगडाचं चौमुखी मंदिर, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला मानस्तंभ, म्हणजे जैन देवळापुढचा उंच खांब. मी तिथे पायरीवर बसले आणि भाच्याला म्हणाले, “तुम्ही फिरून या, मी थांबते.” खरं म्हणजे मला शरम वाटत होती.

त्या संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली, ती माझ्या विषयातली आहे म्हणून सांगते. सोळा नंबरमध्ये सगळं हलतं. रावण कैलास पर्वत हलवतो आहे, पार्वती घाबरून शंकराचा हात धरते, दासी पळत सुटली आहे, आणि शंकर फक्त पाय दाबून सगळं स्थिर करतो. जोत्यातले हत्ती देऊळ उचलून धरतात. रामायणाच्या पट्टीत वानरांची धांदल चालली आहे. बत्तीस नंबरमध्ये मधला माणूस हलत नाही. पार्श्वनाथ हे जैनांचे तेविसावे तीर्थंकर. त्यांच्यावर त्यांचा वैरी कमठ यानं वादळ सोडलं आहे, भोवती चित्रविचित्र प्राणी, भुतं, उगारलेले दगड, सगळा कल्लोळ. मधे पार्श्वनाथ सरळ उभे, डोक्यावर नागाचा फणा. समोर बाहुबली. इतका वेळ उभा की वेली पायांवरून मांड्यांपर्यंत चढल्या. हालचाल काढायला मी मुलांना ३१ वर्षं शिकवलं. स्थिरपणा कसा काढायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. इथल्या कलाकारानं त्याच्यावर वेल चढवली आणि काम झालं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या दोन सहली मी हट्टानं पुढे नेल्या. पहिल्याच वेळी जे व्हायचं ते झालं. बत्तीस नंबरच्या वरच्या दालनात शिरल्याबरोबर मुलांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत जायला लागली. मूर्ती नग्न आहेत. मागून खुसखुस सुरू झाली, मुली खाली बघायला लागल्या, आणि पी.टी.च्या सरांनी शिट्टी तोंडाला लावली, “चला, चला, खाली!” जैन लेणी टाळण्यामागे गाडीची वेळ हे कारण जेवढं असतं, तेवढंच हेही असतं, आपण ते कागदावर लिहीत नाही इतकंच. माझ्याही डोक्यात काय बोलावं ते येईना.

तेवढ्यात वर्गातला एक मुलगा पुढे आला. वर्षभरात त्याचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. शेतकऱ्याचं पोर, आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात जैन शेतकरी घरं पुष्कळ आहेत, त्यांतलं. म्हणाला, “सर, हे बाहुबली. आमच्या कुंभोजला आहेत.” आणि सांगायलाच लागला. भरत आणि बाहुबली, दोघे भाऊ. राज्यावरून भांडण. सैन्य मरायला नको म्हणून दोघांतच लढायचं ठरलं. आधी डोळ्याला डोळा, मग पाण्यात, मग कुस्ती. कुस्तीत बाहुबलीनं भावाला डोक्यावर उचललं. आता आपटणार, तर हात थांबला. भावाला खाली ठेवलं, राज्यही तिथेच ठेवलं आणि निघून गेला. “मग असा उभा राह्यला, वर्षभर. वेल चढली तरी हलला न्हाई.”

खुसखुस थांबली होती. मागून एकानं विचारलं, “भूक नाही लागली?”

“लागली असणार की,” तो म्हणाला.

मग मी दिगंबर या शब्दाची फोड करून सांगितली, दिशा हेच ज्याचं वस्त्र तो. एवढंच पुरलं. सगळं सोडलं तर कपडेही सोडले, यात त्या मुलांना काही अवघड वाटलं नाही. अवघड आपल्याला वाटत होतं. तुमच्या वर्गात असं सांगणारं मूल असेलच असं नाही. तेव्हा गाडीत, आदल्या रात्री, ही गोष्ट तुम्ही सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे, गाण्याच्या भेंड्यांमधे बसतं.

आता तुमच्याकडे काय मागायचं आहे ते सांगते. ३४ लेणी दाखवा असं मी म्हणत नाही. ते वेडेपणाचं होईल, तिसाव्या लेण्यापर्यंत मुलं डोळे मिटून चालतील. वेरूळला एक अख्खा दिवस द्या एवढंच म्हणते. तो दिवस आणायचा कुठून, तर त्या पहिल्या कागदावरून. दोन ठिकाणं खोडा. कुठली ते मी सांगत नाही, सहल तुमची आहे. पण सात ठिकाणांच्या सहलीत मुलांना नंतर आठवतं ते गाडीतलं आणि जेवणातलं. देवगिरी आदल्या दिवशी चढा. संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, सकाळी लवकर निघालात तर फाटक उघडण्याच्या सुमाराला पोचाल. तिकिटाचं म्हणाल तर १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत आहे, तेव्हा तीही सबब नाही.

सकाळी कैलास बघा. कड्याची सावली असते, गर्दी कमी असते, गार असतं. दीड तास द्या. मुलांचे पाच गट करा, प्रत्येक गट वेगळ्या कोपऱ्यातून सुरू करू द्या. सव्वाशे मुलं एका मूर्तीपुढे उभी केली की पुढची दहाच बघतात. रामायणाची पट्टी दक्षिणेच्या भिंतीवर आणि महाभारताची उत्तरेच्या, गटागटांत शर्यत लावा, सेतू बांधणारी वानरं आधी कोण शोधतं. वर छताकडे मान करून जुन्या रंगांचे अवशेष दाखवा. एके काळी हे देऊळ गिलावा करून रंगवलेलं होतं, लोक त्याला रंगमहाल म्हणत. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचा भुसा मिसळलेला सापडला आहे आणि त्यानं कीड दूर राहिली असावी असं तपासणाऱ्यांनी म्हटलं आहे. हे मुलांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगितलं होतं. परतीच्या प्रवासात दुसरं काही ऐकायला मिळालं नाही.) मग शेजारचं पंधरा, दशावतार. जिना थोडा चढावा लागतो. वर खांब फोडून बाहेर आलेला नरसिंह आहे, तो बघितला की मुलं आपोआप गप्प होतात. आवारात राष्ट्रकूट कृष्णाच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याचा लेखही आहे. दहा नंबरच्या चैत्यात, ज्याला सुताराचं झोपडं म्हणतात, पाच मिनिटं जा आणि सगळ्यांना मिळून एक ओंकार म्हणायला सांगा. तो घुमतो तेव्हा वर्गातलं सगळ्यांत वांड पोरही वर बघतं.

मग डबे. घृष्णेश्वराचं दर्शन या मधल्या वेळात बसवा, देऊळ जवळच आहे. अहिल्याबाईंनी बांधून घेतलेलं, आणि त्याआधी वेरूळच्याच मालोजीराजांनी, शिवरायांच्या आजोबांनी, सावरलेलं. रांग लांब असेल तर कळसाला हात जोडा आणि निघा, देव समजून घेईल.

तीनच्या आत उत्तरेकडे लागा. कैलासापासून जैन लेणी एक किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहेत. गाडीची सोय असली तर घ्या, नसली तर चाला. डबा खाल्लेली मुलं एवढं हसत चालतात, दमतो आपण. आधी तीस, मग बत्तीस, हा क्रम मोडू नका. आधी टाकीचे घाव, मग पुरी झालेली मूर्ती. बत्तीसमध्ये वही आणि पेन्सिल द्या आणि प्रत्येकाला एकच गोष्ट काढू द्या. एक हात, एक पाऊल, अंबिकेच्या झाडाचा एक आंबा. सगळी मूर्ती काढायला सांगितली तर अर्धी मुलं हिरमुसतात. वीस मिनिटं एका पावलाकडे बघितलेलं मूल त्या दगडावर कधी नाव कोरणार नाही, हा माझा अनुभव आहे. तरी कायदा सांगून ठेवा. संरक्षित स्मारकाची खराबी केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘बदाम’ काढणाऱ्या नववीच्या मुलांना हा आकडा लगेच समजतो.

ज्यांचे पाय अजून चालतात त्यांना बत्तीसच्या वरच्या डोंगरावर न्या. तिथे पार्श्वनाथांची बसलेली भव्य मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६चा लेख आहे आणि त्यात या डोंगराचं नाव चारणाद्री असं दिलेलं आहे. शके ११५६ म्हणजे कैलासानंतर साडेचारशे वर्षांहून जास्त, देवगिरीच्या यादवांचा काळ. आदल्या दिवशी मुलं ज्या किल्ल्यावर धापा टाकत चढली, त्या किल्ल्यावर यादवांचं राज्य असताना इथे कुणीतरी मूर्ती घडवत होतं. ही जोडणी तुम्ही करून दिली तर तुमची सहल आणि तुमचा इतिहासाचा तास एकाच दिवशी होतील. तिथे आजही भाविक दर्शनाला येतात, तेव्हा चपला काढा आणि आवाज खाली ठेवा.

आवाजाचं दुसरंही कारण आहे. कड्याला वर आग्यामोहोळाची पोळी लटकलेली असतात. शिट्टी, आरडाओरडा, अत्तराचे फवारे, दगड मारणं, यातलं काहीही नको. माकडांपुढे खाऊ काढू नका. पी.टी.च्या सरांची शिट्टी त्या दिवसापुरती मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशात ठेवावी, अशी माझी सूचना आहे. आमच्या सरांनी शेवटच्या सहलीत ती आपण होऊन माझ्या हातात दिली होती.

यंदा तुमच्या शिक्षकखोलीत तो कोरा कागद येईल, तेव्हा सहलप्रमुखांनी एकदा स्वतःला विचारावं, आपण स्वतः बत्तीस नंबर बघितलं आहे का. नसेल तर मुलांच्या आधी एकदा जाऊन या. एकट्यानं, दुपारी तीननंतर. आणि एखाद्या मुलीनं विचारलं, हा रस्ता पुढं कुठं जातो, तर तिच्याबरोबर चालायला लागा.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका

ता.क. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. आमची एक सहल मंगळवारी पोचली होती. तीन गाड्यांमधल्या मुलांनी बंद फाटकासमोर उभं राहून थंड पोहे खाल्ले, आणि त्या वर्षीच्या निबंधांतही तीन धर्मांचा संगम होताच.